पाय भाजतो, पण कळत नाही

प्रश्न : आमच्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, मधुमेहाला १५ वर्षे झाली. मे महिन्यात भर दुपारी खजराण्याच्या गणपतीला अनवाणी प्रदक्षिणा घातली. घरी आल्यावर तळव्याला हा मोठा फोड! दुखत नाही, म्हणून डॉक्टर नको म्हणतात. फोडून हळद भरू का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : फोडू नका, हळदही नको. आजच दाखवा. दुखत नाही, हीच तर काळजीची गोष्ट आहे. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसा बोटांच्या टोकांकडून निकामी होत जातात. चटका बसताच पाय उचलायला लावणारी कळच मग येत नाही. त्यात रक्तपुरवठाही कमी असेल तर जखम रेंगाळते आणि जंतू हाडापर्यंत पोचतात.

दवाखान्यात जाईपर्यंत पाय स्वच्छ पाण्याने धुवा, टिपून कोरडा करा, निर्जंतुक गॉजने झाका. कापूस लावू नका, तो चिकटतो. त्या पायावर चालू देऊ नका. मलमपट्टी उत्तम असली तरी पायावर भार पडत राहिला तर जखम भरत नाही. लाली पसरली, पू, वास, काळेपणा किंवा ताप दिसला तर सकाळची वाट पाहू नका.

डॉक्टरांना पायाची संवेदना तपासायला सांगा. १० ग्रॅम भाराला वाकणारा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा दोरा, तो वाकेपर्यंत तळव्याला टेकवतात. सासूबाईंनी डोळे मिटून कुठे लागला ते सांगायचे. घोट्याजवळची नाडीही पाहतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि सगळा दोष साखरेवर जातो.

पुढे रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. टाचांना व्हॅसलीन चालेल, बोटांच्या बेचक्यात नको. तिथे ओल राहून बुरशी धरते. नखे सरळ कापा. पायावरचे कुरूप ब्लेडने तासू नका आणि कुरुपाची पट्टीही लावू नका, तिच्यातले ॲसिड भोवतालची चांगली कातडी खाते. थंडीत गरम पाण्याची पिशवी नको, मोजे घाला. चपला संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्याव्यात: पुढे बोटभर जागा, मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराचा) तळ, मागे पट्टा. अंगठ्याने धरायची चप्पल पायातून कधी निसटली तेही कळत नाही. देवळात सकाळी लवकर जा आणि जाड पांढरे सुती मोजे घाला. रक्त आले तर पांढऱ्यावर लगेच दिसते. मोजे घालून आलात म्हणून गणपती काही रागावणार नाही.

प्रश्न : वय ५२, मधुमेह आहे. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.९ आहे, तरी डॉक्टर लघवीची तपासणी सांगतात. कशाला?

उत्तर : मूत्रपिंडांचे बरेच काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन गप्प बसू शकते. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन त्याच्या आधी लघवीत झिरपू लागते आणि नेहमीच्या लघवी-तपासणीत ते थोडे असताना सापडत नाही. म्हणून अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करतात, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचे. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक. ३० ते ३०० ही सुरुवातीची गळती. ताप, लघवीतला संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम आकडा फुगवतो. त्यामुळे ३ ते ६ महिन्यांतल्या ३ नमुन्यांपैकी २ चढे आले तरच निदान होते.

गळती सापडली तर साखरेइतकेच रक्तदाबाकडे पाहा; साधारण १३०/८० च्या आत हवा. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध सुरू झाले की १–२ आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासतात. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचे, म्हणजे सगळे मिळून एक लहान चमचा. आपण इंदूरकर पोह्यांवर मूठभर शेव टाकतो आणि ‘मी वरून मीठ घेत नाही’ म्हणतो! गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या बंद करा.

प्रश्न : मधुमेह आहे, पण चष्म्याचा नंबर दोन वर्षे तोच आहे. मग डोळे दाखवायलाच हवेत?

उत्तर : हवेत, दरवर्षी. टाइप २ मधुमेहात निदान झाले त्याच वर्षापासून. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, रक्ताचे ठिपके असतानाही नजर स्वच्छ असू शकते आणि नंबर काढताना ते दिसत नाहीत. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा पाहिला का, एवढे विचारा. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते. गॉगल न्या आणि येताना स्कूटर दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.