फ्लेक्सचं दुकान सोडून यूआय-यूएक्सकडे वळू का?

प्रश्न : वय २६, बी.कॉम. शाहूपुरीत एका प्रिंटिंगच्या दुकानात कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका, फ्लेक्स, पाट्या करतो. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांत यूआय-यूएक्स (ॲप-वेबसाइटच्या स्क्रीन आखणं आणि त्या वापरायला सोप्या करणं) शिकवून ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देतो म्हणे. फी दीड लाख. मित्र म्हणतो, हे सगळं आता एआय करतं, तुझी गाडी चुकली. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे. कोरोनाच्या काळात कंपन्यांनी भराभर डिझायनर घेतले, २०२२ च्या अखेरीपासून कपात सुरू झाली, आणि नवख्यांचं दार अजून नीट उघडलेलं नाही. जाहिरात निघते तीच दोन-तीन वर्षांचा अनुभव मागणारी. माझ्याकडे पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचे नमुने, येतात त्यात जेवण मागवायचं ॲप, एखाद्या नामांकित ॲपचं ‘रीडिझाइन’, लॉगिनची स्क्रीन, आणि पुन्हा तेच. तसल्या स्क्रीन एआय दोन ओळींत काढून देतं. त्यासाठी दीड लाख घालवू नका. आणि ते ‘शंभर टक्के’ जरा लेखी मागून बघा : कुठल्या पदावर, किती पगारावर, नोकरी नाही लागली तर फी परत का? बोलण्याचा सूर लगेच बदलतो.

उरलेलं अर्धं असं. पुण्याहून परत आल्यावर पन्हाळ्याकडच्या एका दूध संस्थेच्या संकलनाच्या ॲपवर मी काम केलं. पहाटेची रांग, सचिवांचे हात ओले, एका हातात कॅन. फॅट ३.८ टाकायची तर टिंबाची कळ कोपऱ्यात, एवढीशी. ओला अंगठा शेजारच्या कळीवर पडायचा. बिल फॅटवर निघतं, म्हणजे एका टिंबावरून दहा दिवसांनी भांडण. आम्ही टिंबच काढलं. ३८ दाबलं की ३.८. शिवाय वरचा रंगीत आलेख हलवून तिथं फॅट आणि दर मोठ्या अक्षरात आणले, कारण रांगेतली प्रत्येक बाई तेवढंच विचारायची, “किती लागली ओ?” स्क्रीन दिसायला साधीच झाली. पण पगार मिळतो तो या कामाचा, आणि ते पुण्यातल्या एसीत बसून सुचत नाही.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या क्लासमधल्या पोरांकडे नसेल : देवनागरी. बँकांची, विम्याची, सरकारी ॲपं मराठीत येतात तेव्हा वेलांटी कापली जाते, उकार खालच्या ओळीत घुसतो, इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी शब्द मावत नाही. तुम्ही रोज हेच निस्तरता की! त्याला बाजारात किंमत आहे, फक्त ती पोर्टफोलिओत दिसायला हवी.

दुसरी वाट सुगम्यतेची. दिव्यांगांना वापरता येतील अशा सेवांसाठी युरोपचा कायदा जून २०२५ पासून लागू झालाय, आणि तिकडची कामं करणाऱ्या आपल्या कंपन्यांनाही तो बघावाच लागतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा मिळणं जगण्याच्या हक्कात धरलं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ हवा, असे नियम नेटवर फुकट वाचता येतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची लालावर पिवळी अक्षरं तपासून बघा, गंमत म्हणून.

नोकरी सोडू नका. गूगलचा कोर्सेरावरचा यूएक्स अभ्यासक्रम रात्री करता येतो, खर्चही फार नाही. मग एकच प्रोजेक्ट करा, तोही दुकानातलाच. पत्रिकेचं प्रूफ व्हॉट्सॲपवर जातं, मामांचं नाव चुकतं, ‘ओके’ कोणी दिलं यावरून गिऱ्हाईक वाद घालतं. हा घोळ मोबाइलवर कसा सुटेल ते आखा. पाच गिऱ्हाइकांच्या हातात द्या, आणि गप्प बसून बघा कुठं अडकतात. वापरसुलभतेचे जाणकार जेकब नील्सन यांनी २००० मध्येच सांगितलंय की बहुतेक अडचणी पाच माणसांतच कळतात. कुठं अडकले, तुम्ही काय बदललं, का बदललं, हे फोटोंसह लिहून काढा. मुलाखतीत मी तेवढंच विचारते.

जागा शोधताना नुसत्या चकचकीत स्टार्टअपच्या मागे लागू नका. कारखान्यांची, दवाखान्यांची, हिशोबाची सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपन्या बघा. शिरोली, गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांना लागणारी सॉफ्टवेअर करणारी मंडळी इथं कोल्हापुरातही आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असेल, घरी आधीच सांगून ठेवा.

आणि क्लासवाले महागडा मॅक घ्यायला लावतील, तोही घेऊ नका. स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर फिग्मा, ते ब्राउझरमध्ये चालतं. कोरल ओढणारा दुकानातला पीसी त्याला पुरतो.