पहाटे तीनलाच का निघायचे?

प्रश्न : एप्रिलअखेर आमचा गट हिमाचलमधील एका बर्फाळ खिंडीच्या ट्रेकला जाणार आहे. मोबाइलवर हवामान ‘निरभ्र’ दिसत असले, तरी पहाटे तीनलाच निघायचे असा स्थानिक वाटाड्यांचा आग्रह आहे. आकाश स्वच्छ असताना हिमस्खलनाची भीती कशाची?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वाटाड्यांचे ऐकावे. वसंतात बर्फाचा भरवसा आदल्या रात्रीच्या गारठ्यावर असतो. रात्री आकाश मोकळे असले की बर्फाच्या पृष्ठभागातली उष्णता वर निघून जाते आणि दिवसा वितळलेला थर पहाटेपर्यंत गोठून टणक होतो. ढगांचे पांघरूण असेल, तर ती उष्णता अडकून राहते आणि उजाडतानाही पाऊल घोट्यापर्यंत रुतते. म्हणजे तुमचे ‘निरभ्र’ रात्रीपुरते शुभ. दुपारी तेच घातक. ऊन चढले की वितळलेले पाणी बर्फात झिरपते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओला, जड थर घसरतो. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, पश्चिमेकडचे दुपारनंतर. उतारावरून बर्फाचे गोळे अळूवडीच्या गुंडाळीसारखे गोल होत खाली येऊ लागले, की तिथे थांबून फोटो काढत बसू नये.

पश्चिमी झंझावाताने, म्हणजे पश्चिमेकडून हिमालयात पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेने, ताजा बर्फ पडला असेल, तर त्यानंतरचे एकदोन दिवस, त्यातही पहिले कडक ऊन, विशेष धोक्याचे. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. पण आपण सपाटीवर आहोत एवढ्याने निश्चिंत होता येत नाही, डोक्यावरचा उतारही पाहावा लागतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक–नाथुला मार्गावर भर दिवसा हिमस्खलन होऊन सात पर्यटक दगावले. ते काही शिखर चढत नव्हते.

संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची चंडीगड येथील ‘डीजीआरई’ ही प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे देते. ते निघण्याआधी अवश्य पाहावेत, मात्र ते मोठ्या प्रदेशासाठी असतात, तुमच्या वाटेवरच्या विशिष्ट उतारासाठी नव्हे. त्यासाठी अडीचला तंबूबाहेर येऊन बुटाची टाच बर्फावर जोरात आपटून पाहावी. ठणठणीत लागली तर निघावे. रुतली, तर चहा घेऊन पुन्हा स्लीपिंग बॅगेत शिरावे आणि खिंड दुसऱ्या दिवसावर टाकावी.