पुस्तकाच्या दुकानातून पुस्तक उचलल्यास नेमके कोणाचे नुकसान होते?

आपण विचारले आहे की, ज्ञान सर्वांचे असताना आणि प्रकाशक भरमसाट किमती लावत असताना एखाद्याने दुकानातून पुस्तक न सांगता नेले, तर त्याला चोर म्हणावे का, आणि त्यात नेमके कोणाचे नुकसान होते. पहिल्या भागाचे उत्तर एवढेच की, म्हणावे. दुसऱ्या भागाचे उत्तर मला चांगले ठाऊक आहे, कारण दादरमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात मी बरीच वर्षे काउंटरवर काम केले आहे.

प्रकाशकाचे नुकसान होत नाही. मराठी पुस्तके दुकानात पुष्कळदा जाकडावर, म्हणजे न विकल्यास परत करण्याच्या बोलीवर, येतात. हिशेबाच्या वेळी जी प्रत परत करता येत नाही ती विकली गेली असेच धरले जाते आणि तिचे पैसे दुकानदाराला भरावे लागतात. म्हणजे ज्या प्रकाशकाला आपण धडा शिकवू पाहता त्याला चोरीच्या प्रतीचेही पैसे मिळतात. समजा, ४०० रुपयांचे पुस्तक दुकानदाराला ३५ टक्के कमिशनने, म्हणजे २६० रुपयांना पडले आणि त्याने गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट दिली, तर त्याच्या हाती शंभर रुपये राहतात. भाडे, पगार आणि वीजबिल वजा जाता त्यांतले पंचवीस उरले तरी नशीब म्हणायचे. चोरीला गेलेल्या एका प्रतीचे २६० रुपये भरून काढण्यासाठी त्याला आणखी दहा-अकरा पुस्तके विकावी लागतात. स्ट्रँड सिनेमाच्या आवारात १९४८ मध्ये सुरू झालेले आणि पुढे फोर्टात नावारूपाला आलेले स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाले. ते चोरांमुळे बंद झाले असे मी म्हणत नाही; परंतु एवढ्या नावाजलेल्या दुकानालाही या शहरात टिकता आले नाही, तिथे गल्लीतल्या दुकानाच्या ताकदीची कल्पना करावी.

परंतु नुकसान सोसणारा शेवटचा माणूस नेहमी दुकानदारच असतो असेही नाही. आमच्याकडे दर मार्चअखेरीस साठा मोजला जाई आणि जी तूट निघे ती काउंटरवरच्या आम्हा तिघांच्या पगारातून वळती होई. एका वर्षी एका मोठ्या कोशाचा फक्त दुसरा खंड नाहीसा झाला. सुटा खंड कोणी विकत घेत नाही आणि अपुरा संच प्रकाशक परत घेत नाही, त्यामुळे एका खंडाच्या चोरीत सबंध संचाची किंमत आमच्या माथी आली. मालकांचा संशय समोरच्या चाळीतल्या मुलांवर होता, कारण ती तासन्तास उभी राहून वाचत आणि क्वचितच काही विकत घेत. तिसरा खंड पिशवीत घालताना पकडले गेले ते मात्र एक निवृत्त प्राध्यापक. इतर सर्वांना पिशवी काउंटरवर ठेवून टोकन घ्यावे लागे, पण त्यांच्या शबनमला हात लावण्याचे धाडस आमच्यापैकी कोणीही केले नव्हते, कारण ते आले की मालक स्वतः चहा मागवत. त्यांनी शांतपणे सांगितले की, संदर्भासाठी लागणारा ग्रंथ नेणे ही चोरी नव्हे, अभ्यास आहे. मालकांनी त्यांना पाणी दिले, तिसरा खंड काढून घेतला आणि जाऊ दिले. चाळीतल्या मुलांची कोणी क्षमा मागितली नाही, आणि आमच्या कापलेल्या पगाराचा विषयही पुन्हा निघाला नाही. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात ताब्यात दिलेल्या मालाच्या नुकसानीपोटी कपात करण्याची मुभा होती, पण त्याआधी नोकराला आपली बाजू मांडू द्यावी लागे. आम्हाला कोणी काहीही विचारले नाही.

म्हणूनच माझ्या नणंदेचे यजमान दर गणपतीत, कॉलेजात असताना फोर्टातल्या दुकानांतून रेनकोटाखाली पुस्तके कशी आणली, याची कथा रंगवून सांगतात आणि सर्व मंडळी हसतात, तेव्हा मला हसू येत नाही. भावोजींचे म्हणणे असे की, गरिबाला वाचायचे असेल तर त्याने काय करावे? मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून याच शहरात आहे, तिथे जावे. शिवाय भावोजी तेव्हाही गरीब नव्हते, रेनकोट डकबॅकचा होता. माझ्या अनुभवात गरजू विद्यार्थी जुने पुस्तक मागतो, हप्त्याने पैसे देऊ का विचारतो किंवा उभ्याने वाचून जातो. चोरतो तो बहुधा असा माणूस, ज्याला आपल्या वाचनामुळे आपल्याला काही सवलत मिळाली पाहिजे असे वाटते.

कायद्याचे विचाराल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या चोरीत प्रथमच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. मला ही तरतूद फार आवडली. ती समाजसेवा त्याच दुकानात, मार्चअखेरीस, साठा मोजण्याच्या कामी करून घेतली तर अधिक बरे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझा हिशेब लहान दुकानांचा आहे. मॉलमधल्या मोठ्या साखळी दुकानांत अशी तूट गृहीत धरूनच खर्च आखला जात असेल, आणि तो भार अखेर पैसे देऊन पुस्तक घेणाऱ्यांवर पडत असेल. त्याने चोरी योग्य ठरत नाही, पण कोणा मुलीचा पगार कापला जात नसेल तर तेवढा फरक मी मान्य करते.

आपण पुस्तक आधीच आणले असेल, तर ते गुपचूप फळीवर नेऊन ठेवू नये. तोवर साठा मोजून झालेला असतो आणि ज्याच्या पगारातून पैसे गेले त्याला ते परत मिळत नाहीत. काउंटरवर जाऊन किंमत भरावी, आणि त्या वर्षीची तूट कोणाकडून वसूल केली होती हे मालकांना विचारावे. भावोजींना मी हेच सांगितले, तेव्हा ते म्हणाले की ती दुकाने आता उरलीच नाहीत. दुकाने नसली तरी तिथे काम करणारी माणसे अजून याच शहरात आहेत, आणि त्यांच्यापैकी एक दर गणपतीत त्यांच्याच पंगतीला वाढत असते.