कुत्रीला औषधाची रिॲक्शन आली असं वाटतंय, गोळ्या बंद करू का?

तुम्ही लिहिलंय ते आधी एका जागी मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. पाच वर्षांची लॅब्रेडोर. फिट्ससाठी फेनोबार्बिटोन (पुढे नुसतं 'फेनो' म्हणते) सुरू होऊन दहा दिवस झाले. तेव्हापासून मागच्या पायांत लटपटते, भांडंभर पाणी पिते, रात्री घरात शू करते, सारखं खायला मागते. कमरेच्या सांध्यांचं दुखणं जुनंच, त्यासाठी चार दिवसांपासून कार्प्रोफेन चालू आहे. परवापासून दोनदा उलटी झाली आणि आज तिने जेवणाला तोंडच लावलं नाही. घरच्यांचं म्हणणं, औषधं मानवत नाहीत, दोन्ही बंद करा.

एक बंद करा, दुसरं अजिबात नाही. दुखण्याची गोळी आत्ता थांबवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा. फिट्सची गोळी मात्र संध्याकाळी ठरलेल्या वेळेलाच द्यायची. गोळी उलटीतून बाहेर पडत असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा, ते इंजेक्शनने औषध देण्याची सोय बघतील. पण आपल्या मनाने एकही डोस गाळू नका.

हे मी इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः तो उद्योग करून बसले आहे. मी डॉक्टर नाही, फिट्सचा कुत्रा आठ वर्षं सांभाळला, एवढंच. बंड्याला फेनो सुरू झालं आणि अडीच महिने एकही फिट आली नाही. मला वाटलं, बरा झाला. शिवाय तो सुस्त झालाय, जाडा झालाय, हे बघवत नव्हतं. दिली गोळी बंद करून. तिसऱ्या दिवशी पहाटे फरशीवर नखांचा टकटक टकटक आवाज आला म्हणून उठले, तर तो पाण्याच्या भांड्याशेजारी आडवा, पाणी सांडलेलं, चारी पाय सायकल मारल्यासारखे हलताहेत, तोंडाला फेस. ती थांबली आणि तासाभरात दुसरी. मग तिसरी. शरीराला त्या औषधाची सवय झालेली असते, ते एकदम काढून घेतलं की मेंदू उसळतो आणि आधीपेक्षा वाईट फिट्स येऊ शकतात. कमी करायचंच झालं तर डॉक्टर ते कित्येक आठवड्यांत, पायरीपायरीने करतात.

आता मुख्य मुद्दा. आपण सगळ्यालाच 'रिॲक्शन' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. तुमच्या कुत्रीच्या बाबतीत या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी आल्या आहेत.

लटपटणं, तहान, शू, भूक हा फेनोचा ठरलेला परिणाम आहे. बहुतेक कुत्र्यांत तो दिसतो. औषध रक्तात स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर कुत्रं प्यायल्यासारखं चालतं. दोन-तीन आठवड्यांत पाय बरेचसे सावरतात. तहान आणि भूक मात्र थोडीफार राहतेच, त्यामुळे पाणी कधीही तोडू नका, फिरायला एक खेप वाढवा. दोन आठवड्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासतात. साधारण १५ ते ३५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हा पट्टा धरतात. त्याच्या वर गेलं की लिव्हरला धोका वाढतो. काही महिन्यांनी हेच प्रमाण आपोआप घसरलेलं दिसेल, तेव्हा घाबरू नका. लिव्हर या औषधाला सरावते आणि ते भराभर बाहेर टाकायला शिकते, म्हणून डोस वाढवावा लागतो. रिपोर्टमध्ये एएलपी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वाढलेलं दिसेल, तेही नुसत्या फेनोने वाढतं. तेवढ्यावरून लिव्हर खराब झाली असं होत नाही. लिव्हर खरंच काम करते का, हे अल्ब्युमिन आणि बाइल ॲसिड या तपासण्यांतून कळतं, त्या काय म्हणतात ते डॉक्टरांना विचारा. (टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन, त्याचा आकडा पण फेनोमुळे कमी येतो. त्या एका आकड्यावर थायरॉइडची गोळी चिकटली, तर 'हा आकडा फेनोमुळे तर नाही ना?' असा प्रश्न जरूर टाका.)

फेनोची खरी वाईट प्रतिक्रिया विरळ असते, पण ती ओळखता आली पाहिजे. हिरड्या पांढुरक्या पडणं, कारण नसताना अंगावर निळे-जांभळे डाग, ताप, डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या होणं, पायांच्या गाद्यांवर खपल्या आणि जखमा. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

उलटीचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते मला जास्त खटकतंय. फेनोवरचं लॅब्रेडोर जेवण नाकारतं म्हणजे काय, विचार करा. जे कुत्रं दहा दिवस भुकेने घर डोक्यावर घेत होतं, ते आज भांड्याकडे बघत नाही. कार्प्रोफेनच्या जातीची औषधं सूज-वेदना कमी करतात ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं रोखून. पण हीच द्रव्यं जठराचं अस्तर राखतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून आधी भूक जाते, उलट्या-जुलाब होतात, आणि तरीही गोळी चालू ठेवली तर जठरात व्रण पडू शकतात. शी बघा. काळी, चिकट, डांबरासारखी असेल तर आत रक्त गेलंय असं समजा. शिवाय कार्प्रोफेन क्वचित लिव्हरलाही धक्का देतं, आणि फेनोचा भारही तिथेच. त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय ही गोळी पुन्हा सुरू करू नका. उलट्या-जुलाबांनी कुत्रं सुकलेलं असताना तर ती द्यायचीच नाही.

दोन-तीन गोष्टी डॉक्टरांना न विचारता कुणीही करू नयेत. कार्प्रोफेन बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच जातीचं मेलोक्सिकॅम सुरू करणं, अशा गोळ्यांवर प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड देणं, आणि आपल्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन 'अर्धीच देते' म्हणून देणं. नॅप्रोक्सेनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला माणसात पाऊण दिवसापेक्षा कमी वेळ लागतो, कुत्र्यात जवळजवळ तीन दिवस. अर्धी गोळी दिली तरी ती साचत जाते. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याची साखर धाडकन खाली येते आणि साखर उतरली की पुन्हा फिट. तुमच्याकडे तर हे दुप्पट जपायला हवं.

ॲलर्जी ही तिसरीच गोष्ट आणि तुमच्या वर्णनात ती दिसत नाही. औषध किंवा लस दिल्यावर मिनिटांत किंवा काही तासांत तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, ही तिची खूण. कुत्र्यांत तीव्र ॲलर्जीचा तडाखा पोट आणि लिव्हरवर बसतो, त्यामुळे सूज न दिसताही अचानक उलट्या, जुलाब आणि कोसळणं होऊ शकतं. तिथे वाट बघायची नसते.

जातीचाही भाग असतो. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकात बिघाड असला की आयव्हरमेक्टिन हे जंत-किड्यांवरचं औषध मेंदूत शिरतं आणि जास्त डोसला जीवघेणं ठरतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २००१ साली हे कारण सापडलं. तुमची लॅब्रेडोर असल्याने हे बाजूला ठेवा. पण गोचिडांसाठी चघळायच्या गोळ्या मिळतात, फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर वगैरे, त्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) २०१८ मध्ये इशारा दिला होता की काही कुत्र्यांत झटके, थरथर, तोल जाणं दिसलंय. फिट्सच्या कुत्रीला ती देण्याआधी डॉक्टरांना आठवण करून द्या. दवाखान्यात गर्दी असते, कधी समोरचा डॉक्टर नवीन असतो, आपण बोललो नाही तर राहून जातं.

आता वही. साधी शाळेची वही चालेल, मी फ्रिजवर अडकवून ठेवायचे. फिट कधी आली, किती सेकंद चालली, आधी काय चाललं होतं, नंतर किती वेळ भिंतीला धडकत फिरली. कुठली गोळी किती वाजता. नवीन औषध कोणत्या तारखेला आत आलं, हे लाल पेनाने, आणि एका वेळी एकच नवीन औषध. तुमच्या घरी सहा दिवसांच्या अंतराने दोन आली, म्हणून तर हा गोंधळ झाला. पाणी मोजून ओता आणि चोवीस तासांनी उरलेलं वजा करा. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर तो आकडा डॉक्टरांना सांगा. नुसतं 'खूप पिते' म्हटल्याने त्यांना काही कळत नाही.

फिटचा वेळ घड्याळावरच धरा. बंड्याची ती पहिली पहाटेची फिट मला अर्ध्या तासाची वाटली होती, फोनमध्ये बघितलं तर एक मिनिट चाळीस सेकंद. पाच मिनिटांवर गेली, किंवा २४ तासांत दोन किंवा जास्त आल्या, तर इमर्जन्सी समजून निघा. तोंडात हात, चमचा काही घालू नका. जीभ गिळली जात नाही, तुमचं बोट मात्र जाईल. गोळी विसरली तर आठवल्यावर द्या, पुढची दुप्पट करू नका. गोळी दिल्यावर किती वेळात उलटली तर पुन्हा द्यायची, हे आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, मध्यरात्री विचारायला कुणी नसतं.

वजनाकडे मी उशिरा लक्ष दिलं. फेनोची भूक खोटी असते आणि आपलं मन खरं. बंड्याने सहा महिन्यांत चार किलो चढवले. तुमच्या कुत्रीच्या कमरेला ते परवडणार नाही. वजन वाढलं की सांधे दुखणार, सांधे दुखले की पुन्हा त्याच गोळीचा विचार येणार. जेवण आत्तापासून वजनकाट्यावर मोजून द्या, तेच दिवसातून चार वेळा विभागून द्या. दुखण्यासाठी गॅबापेंटिनसारखा दुसरा मार्ग असतो, पण त्यानेही गुंगी येते, म्हणून फेनोची लटपट ओसरल्यावर विचारा.

आज फोन करताना हे हाताशी ठेवा: तिचं वजन, दोन्ही गोळ्यांचं नाव आणि ताकद, शेवटचा डोस कधी दिला, उलटीचा आणि शीचा फोटो. शी काळी असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही असेल, किंवा ती उठेनाशी झाली असेल, तर फोन गाडीतून करा.