वाचकांचे प्रश्न : जनसंपर्कातली पहिली नोकरी एजन्सीत की कंपनीत?

प्रश्न : महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतली. बडोद्यातच दोन ठिकाणी निवड झाली आहे. एका पीआर एजन्सीत माझ्याकडे सहा क्लायंट येतील. नंदेसरीच्या एका रसायन कंपनीत जनसंपर्काचं सगळं काम मी एकटी बघेन, वर एचआर प्रमुख असतील. पगार कंपनीचा जास्त आहे. काय निवडू?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : पगार घटकाभर बाजूला ठेवा आणि दोन्हीकडे एवढंच विचारा, की मी लिहिलेली प्रेसनोट बाहेर जाण्याआधी कोण तपासणार? पहिली दोन वर्षं माणूस शिकतो तो खाडाखोड होऊन परत आलेल्या मजकुरातून. एचआर प्रमुख नावं, हुद्दे, तारखा नीट बघतील, पण खरी बातमी चौथ्या परिच्छेदात दडली आहे हे सांगायला माध्यमांत मुरलेला माणूस लागतो. म्हणून आमचा कौल एजन्सीला, पण सहा क्लायंट मात्र नको. सकाळी दहाच्या आत सहा जणांची कात्रणं पाठवायची, मग पत्रकारांना फोन, संध्याकाळी क्लायंटचे कॉल, महिनाअखेरीला सहा अहवाल. यात लिहायला वेळच उरत नाही. तीन क्लायंट मागा, आणि त्यातल्या एकाच्या नोटा पहिल्या दिवसापासून तुम्ही लिहाल हे ठरवून घ्या.

एजन्सीचा एखादा मासिक अहवालही बघायला मागा. छापून आलेल्या बातमीची किंमत तेवढ्याच जागेच्या जाहिरातदराने काढली असेल, तर तिथे मोजमापाची सवय चुकीची लागेल. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१०च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत स्पष्टपणे नाकारली आहे.

काम बडोद्यात आहे, म्हणून हेही लक्षात ठेवा : गुजराती बोलता येणं आणि गुजरातीत लिहिता येणं यात फरक आहे. इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेली नोट उपसंपादकाला नव्याने लिहावी लागते, आणि पान लावायच्या घाईत ती मागे पडते. रोज दोनशे शब्दांची एक नोट थेट गुजरातीत लिहा. कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या परिच्छेदातच आलं पाहिजे.

तरीही कंपनीत जाणार असाल, तर रुजू होण्याआधीच विचारा की वायुगळती झाली तर पहिल्या तासात कोण बोलणार आणि निवेदनाला मंजुरी कोण देणार. मंजुरी देणारे दोनच असावेत आणि रात्री दोन वाजताही फोन उचलणारे असावेत. पाच सह्या लागत असतील, तर निवेदन निघेपर्यंत गावात व्हॉट्सअॅपवरची अफवाच खरी ठरलेली असते. निवेदनात काय घडलं, केव्हा घडलं, कोणाला इजा झाली, सध्या काय चाललं आहे आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल, एवढंच लिहायचं. कारणाचा अंदाज अजिबात लिहू नका. चौकशीत तो खोटा ठरला, तर त्यानंतर कंपनीने सांगितलेलं खरंही कोणी मानत नाही.

प्रश्न : एजन्सीत तीन वर्षं झाली. आता शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संपर्क विभागात चाललो आहे. कोणती सवय बदलावी लागेल?
– एक वाचक, मकरपुरा

उत्तर : ओळखीच्या पत्रकाराला आदल्या संध्याकाळी प्रेसनोटचा मसुदा देण्याची. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांप्रमाणे कंपनीचे तिमाही आर्थिक निकाल आधी शेअर बाजाराला कळवावे लागतात. संचालक मंडळाची बैठक बाजार चालू असताना संपली, तर ३० मिनिटांत. तिथे माहिती पोहोचल्याची खात्री झाली की मगच प्रेसनोट पाठवायची.

निकालाचे आकडे तुमच्या हातात आधी येणार असतील, तर तुमचं नाव कंपनीच्या ठरावीक व्यक्तींच्या यादीत जाईल. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत अशा व्यक्तींना आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार बंद असतात. घरातल्यांकडे या कंपनीचे शेअर असतील, तर रुजू होताच कंपनी सेक्रेटरींना लेखी कळवा.