चर्चच्या मंडळीत पाळकांविरुद्ध, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंविरुद्ध, सह्यांचा कागद फिरतोय. पाळकांचा मानही राहावा आणि शांतीही टिकावी, यासाठी साध्या सभासदानं काय करावं?

सही करू नका. बाकीचं पुढं सांगते, पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय की मंडळीत दोन गट पडलेत. एक गट पाळकसाहेबांच्या बदलीसाठी घरोघरी सह्या घेतोय, दुसरा 'देवाच्या अभिषिक्ताला बोल लावू नका' असं बजावतोय, आणि तुम्हाला दोघांशीही वैर नकोय. मी पाळकाची मुलगी आहे. असाच कागद माझ्या वडिलांविरुद्ध फिरला तेव्हा मी नववीत होते. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही आणि तसं भासवणारही नाही.

गाव आणि मंडळी यांचं नाव घेत नाही, कारण त्यातली माणसं आणि त्यांची नातवंडं अजून त्याच बाकांवर बसतात. तालुक्याचं गाव, मंडळी मिशनच्या काळातली. माझ्या आईचं माहेरही तेच. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची निवडणूक आली आणि मतदारयादी करायची वेळ आली. वर्गणी थकली असेल तर यादीत नाव नाही, हा नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. पण दरवेळी व्हायचं असं की मोलमजुरी करणाऱ्यांची नावं गळायची आणि वजनदार घरांची थकबाकी समजून घेतली जायची. वडिलांनी त्या वर्षी खजिनदारांकडून वही मागवली आणि नियम सरसकट लावला. चर्चच्या दाराला यादी लागली, तीत एका मोठ्या घरातलं एकही नाव नव्हतं. मोठं म्हणजे हंगामाच्या सणाला ज्वारीचं पहिलं पोतं ज्यांच्याकडून यायचं आणि लिलावात शेवटची बोली ज्यांची असायची, ते घर.

आठवड्याभरात कागद तयार झाला. त्यात वर्गणीचा शब्दही नव्हता. पाळक घरभेटी करत नाहीत, उपदेश लांबवतात, तरुणांना पुढं येऊ देत नाहीत, व्यासपीठावरून टोमणे मारतात, असं लिहिलं होतं. शेवटी 'मंडळीत शांती नांदावी म्हणून' बिशपसाहेबांना बदलीची विनंती. संध्याकाळी कागद फिरायचा. आमच्या घरी येऊन मात्र कुणी चकार शब्द काढायचं नाही. रविवारी तीच माणसं दारात वडिलांचा हात हातात घेऊन 'जय ख्रिस्त, साहेब' म्हणायची. सगळ्यात जास्त लागलं ते हे. सही कुणी केली आणि कुणी नाही, हे आई चेहऱ्यांवरून ताडत बसायची. कित्येक रविवारी तिचं लक्ष ना शास्त्रपाठात असायचं, ना गीतात.

मग कागद एका म्हाताऱ्या बाईंकडे गेला. आम्ही त्यांना आजीच म्हणायचो. शेतमजुरी करायच्या, लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यापुढं शाईची डबी ठेवली. त्यांनी विचारलं, "हे साहेबांना सांगितलं का?" कागदवाले म्हणाले, सांगून काय उपयोग आहे. आजी म्हणाल्या, "मी तोंडानं जे त्यांना बोलले नाही, ते अंगठा उठवून बिशपला कसं बोलू? चला, आत्ताच जाऊ." आणि खरोखर पायात वहाणा सरकवून निघाल्या. सगळी आळी बघत होती, त्यामुळे कागद आणणाऱ्या दोघांनाही मागोमाग यावं लागलं.

आमच्या ओसरीवर ते बोलणं झालं. मी आतून ऐकत होते. आधी पाऊसपाणी, कुणाच्या मुलीचं लग्न, असंच चाललं. मुद्द्यावर कुणी येईना. शेवटी आजींनी त्यांना कागद उघडायला लावला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचून घेतली. घरभेटींची तक्रार निम्मी खरी निघाली. वडिलांकडे आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्याही होत्या, सायकलवर जाऊन यायचे, आणि गावातली घरं राहून जायची. उपदेश लांबतो हे त्यांनी लगेच मान्य केलं. तरुणांचं काय म्हणणं आहे, ते कागद आणणाऱ्यांनाच नीट सांगता आलं नाही. टोमण्यांची तक्रार मात्र सोळा आणे खरी होती. यादी लागल्यावरच्या रविवारी वडिलांनी हनन्या आणि सप्पीरा यांच्यावर, म्हणजे मंडळीला द्यायच्या पैशांतले काही लपवून ठेवणाऱ्या बायबलमधल्या जोडप्यावर, उपदेश केला होता, आणि तो कुणाला होता हे शब्बाथशाळेतल्या पोरांनाही कळलं होतं. आजी त्यांना म्हणाल्या, "साहेब, तुम्ही वर उभं राहून बोलता, तेव्हा खाली बसलेल्याला उत्तर देता येत नाही. असं बोलू नये." वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, हे माझं चुकलं, त्या घरी मी स्वतः जाईन. दुसऱ्या दिवशी गेले. यादी मात्र त्यांनी बदलली नाही. थकबाकी भरा, त्याच दिवशी नाव घालतो, एवढंच म्हणाले. त्या घरातल्या थोरल्यानं ती भरली आणि नावं लागली.

पण कागदाची एक प्रत त्याआधीच वर गेली होती. जूनमध्ये, माझी शाळा सुरू झाल्यावर, बदलीचा हुकूम आला. त्या प्रतीवर माझ्या थोरल्या मामांची सही होती.

मामा तेव्हा पंच होते. आज ते ऐंशीच्या पुढं आहेत आणि अजून म्हणतात, "मी शांतीसाठी सही केली. वाद वाढला असता तर मंडळी फुटली असती." मामा वाईट माणूस नाहीत. गावात कुणी आजारी पडलं की रात्रभर उशाशी बसणारे ते होते. पण इथं ते चुकले, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोलते. आमच्या घरी नाताळच्या जेवणावरसुद्धा हा वाद होतो.

त्यांचा आधार असतो बायबलमधलं प्रेषित पौलाचं पत्र, १ थेस्सलनीकाकरांस ५:१२-१३. तुमच्या मंडळीतही दोन्ही गट तीच वचनं काढत असतील. तुमच्यात श्रम करणाऱ्यांचा, तुम्हाला बोध करणाऱ्यांचा मान राखा, असं पौल सांगतो आणि त्याच दमात आपसांत शांतीनं राहा म्हणतो. मामा तिथं थांबतात. पण चौदाव्या वचनात पौल बेशिस्त वागणाऱ्यांना बोध करायला, खचलेल्यांना धीर द्यायला, सगळ्यांशी सहनशीलतेनं वागायला सांगतो, आणि हे तो फक्त पुढाऱ्यांना सांगत नाही, सगळ्या बंधुजनांना सांगतो. शांती राखा म्हणताना तोंड बंद ठेवा असं त्याला सांगायचं असतं, तर हे वचन तिथं आलंच नसतं. त्याच पौलानं अंत्युखियात केफाला, म्हणजे प्रेषित पेत्राला, तोंडावर विरोध केला, तोही चारचौघांत. गलतीकरांस दुसऱ्या अध्यायात आहे.

प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय मामांना मी दरवर्षी वाचून दाखवते. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी ती दाबली नाही. सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं, गाऱ्हाणं सगळ्यांसमोर ठेवलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प आणि पुढची सगळी नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं. मंडळी फुटली नाही, उलट शिष्यांची संख्या वाढली, असं सातवं वचन सांगतं. मामांना वाटणारी फुटीची भीती तिथंही होती. तरीही प्रेषितांनी सभा बोलावली.

आणि सह्यांबद्दल. वडीलजनावरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दोन किंवा तीन साक्षीदार असल्याशिवाय ऐकून घेऊ नये, असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं. साक्षीदार म्हणजे ज्यानं स्वतः पाहिलं, ऐकलं तो. त्या कागदावर अर्ध्याहून जास्त लोकांनी शेजाऱ्यानं केली म्हणून सही केली होती. त्यांना उभं करून विचारलं असतं की तुमच्या घरी पाळक शेवटी कधी आले होते, तर कित्येकांनी गेल्याच महिन्यात म्हणून सांगितलं असतं. सह्या शंभर झाल्या तरी त्यातून एक साक्षीदार तयार होत नाही.

आता दुसऱ्या गटाचंही. 'अभिषिक्ताला हात लावू नका' हे वचन स्तोत्र १०५ मधलं. ते अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या देशांतून भटकत असताना देवानं राजांना दिलेल्या ताकिदीबद्दल आहे. पाळकाला प्रश्न विचारू नये, असं त्यात कुठंही नाही. दाविदाचं उदाहरण देतात, त्यांनी १ शमुवेल २४ पूर्ण वाचावं. एन-गेदीच्या गुहेत दाविदानं आपल्या पाठलागावर आलेल्या अभिषिक्त शौल राजाला मारलं नाही, हे खरं. पण नंतर तो बाहेर आला, शौलाला हाक मारली, जमिनीपर्यंत लवून नमन केलं, आणि लोकांच्या सांगण्यावर तुम्ही विश्वास का ठेवता, असं सरळ विचारलं. मान राखला आणि बोललाही. जो पाळक हे वचन स्वतःच्या बचावासाठी वापरतो, त्यानं १ पेत्र ५:३ आरशात बघितल्यासारखं वाचावं. कळपावर धनीपण चालवू नका, असं तिथं लिहिलंय, आणि लिहिणारा स्वतः मंडळीचा वडीलजन होता.

हे कागद आपल्याकडे इतके का निघतात, यालाही इतिहास आहे. नगरकडच्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. ते मिशन नगरात १८३१ पासून, आणि परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे मंडळीनं सभेत बसून ठरवायचं, वर बिशप नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्थांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात बिशप मानणाऱ्याही आल्या, न मानणाऱ्याही. पाळक कुठं जाणार हे वरून ठरू लागलं, पण 'आमचा पाळक आम्ही ठरवणार' ही भावना लोकांच्या मनात राहिली. माझ्या मते त्यात काही वावगं नाही. वावगं हे झालं की मंडळीची सभा हिशेब वाचून दाखवण्यापुरती उरली. तिथं बोललं असतं ते मग कागदावर जातं.

कुणी म्हणेल, बोलूनही जमलं नाही तर? मग उघडपणे बाजूला व्हा. मार्क या सोबत्याला बरोबर न्यायचं की नाही, यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते वेगळे झाले. तरी पुढं पौलानंच मार्काला बोलावून घेतलं, तो माझ्या उपयोगी आहे म्हणून. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडून देवाचा दरबार सुरू केला, ख्रिस्त सोडला नाही. मामांनी हेच करायला हवं होतं. बहिणीच्या घरी यायचं होतं आणि वडिलांना म्हणायचं होतं, दाजी, तुम्ही इथून जावं असं मला वाटतं, आणि मी बिशपसाहेबांना तसं कळवणार आहे. वडिलांनी चहा पाजून त्यांचं ऐकून घेतलं असतं. आईनं मग माहेरी जाणं सोडलं नसतं.

काही बाबतींत मात्र मी वर म्हटलेलं लागू नाही. मुलांशी किंवा बायकांशी गैरवर्तन झालं असेल तर मत्तय १८ च्या पायऱ्या, म्हणजे आधी एकट्यानं बोला, मग एक-दोघांना सोबत न्या, शेवटी मंडळीला सांगा, या चढत बसू नका. मुलांच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, ज्याला माहिती आहे त्यानं पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक केलंय, आणि तिथं पाळक, पंच, बिशप कुणालाही सूट नाही. पैशांचं प्रकरण असेल तर हिशेब लेखी मागा. मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाखाली असेल तर हिशेबतपासणी कायद्यानंच करावी लागते, त्यामुळे हिशेब मागण्यात पाळकाचा अपमान होत नाही. आणि पाळक रागीट असतील, एकट्यानं गेल्यावर घरातून हाकलत असतील, तर पहिल्यापासून दोघांना सोबत न्या.

तुमच्या दारी कागद येईल तेव्हा आणणाऱ्यांना बसवा. यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंत आणि पाळकसाहेबांना कधी सांगितलंत, एवढंच विचारा. सांगितलं नसेल तर मी तुमच्याबरोबर येते किंवा येतो म्हणा, आणि खरंच जा. सही आधीच करून बसला असाल तर येत्या रविवारच्या आत जाऊन ते पाळकसाहेबांना स्वतःच्या तोंडानं सांगा, त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. आधी फोन करून वेळ घ्या. उपासना संपल्यावर दारात गाठू नका, तेव्हा ते थकलेले असतात आणि भोवती माणसं असतात. घरात मुलं असतील तर ती शाळेत गेलेली असताना जा.