बहुसंख्य लोक श्रद्धाळू असलेल्या देशात समलिंगी विवाहाला मान्यता देणं हे लोकशाहीच्या विरोधात नाही का?

तुमच्या प्रश्नाखालच्या दोन ओळी इथे पुन्हा लिहितो, कारण खरा मुद्दा तिथे आहे: ‘देशातल्या ऐंशी टक्के लोकांचा धर्म ज्याला नाही म्हणतो, ते कायद्यानं लादणं म्हणजे लोकांच्या मताला किंमत न देणं. मग सार्वमत का घेत नाहीत?’

यात तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. श्रद्धाळू माणूस या प्रश्नावर काय बोलणार हे आधीच ठरलेलं असतं, ही पहिली. आणि लोकशाही म्हणजे डोकी मोजणं, ही दुसरी. मी ज्या देशात राहतो तिथे, म्हणजे आयर्लंडमध्ये, या दोन्हींची परीक्षा एकाच दिवशी झाली, २२ मे २०१५ ला, समलिंगी विवाहावरच्या सार्वमतात. म्हणून तिथूनच सांगतो.

मी डब्लिनला असतो. तेव्हा वर्क परमिटवर होतो आणि इथे सार्वमतात मत देता येतं ते फक्त आयरिश नागरिकांना. त्यामुळे मी निव्वळ बघ्या. बघ्याला एक फायदा असतो, दोन्हीकडचे लोक त्याच्याशी मोकळेपणानं बोलतात. त्याला पटवून काही मिळणार नसतं.

२०११ च्या जनगणनेत आयर्लंडमधल्या ८४ टक्के लोकांनी धर्म ‘रोमन कॅथलिक’ लिहिला होता. राज्यघटनेची सुरुवातच ‘परमपवित्र त्रैक्याच्या’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) नावानं होते. दहातल्या नऊ प्राथमिक शाळा चर्चच्या छत्राखाली. घटस्फोटाला घटनेचीच बंदी होती. ती उठवायला १९८६ मध्ये लोकांनी नकार दिला आणि १९९५ मध्ये ती उठली तीही ५०.२८ टक्क्यांनी, म्हणजे अख्ख्या देशात साधारण नऊ हजार मतांच्या फरकानं. समलिंगी संबंध हा १९९३ पर्यंत गुन्हा होता. स्वतः समलिंगी असलेले डेव्हिड नॉरिस त्याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, १९८८ मध्ये जिंकले, आणि त्यानंतरही सरकारनं पाच वर्षं काढली. थोडक्यात, तुमच्या प्रश्नातला देश शोधायचा म्हटलं तर याहून नेमका सापडणं अवघड.

या देशानं ६२ विरुद्ध ३८ टक्के मतांनी समलिंगी विवाह घटनेत लिहिला. मतदान सुमारे ६० टक्के झालं, जे इथल्या सार्वमतांच्या मानानं भरघोस. ४३ मतदारसंघांपैकी एकच ‘नाही’कडे गेला, रॉसकॉमन-साउथ लीट्रिम, आणि तोही थोडक्यात. (त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी किमान वय ३५ वरून २१ करायचा दुसरा प्रश्न होता. तो लोकांनी जवळजवळ तीन-चतुर्थांश मतांनी फेटाळला. म्हणजे मंडळी डोळे मिटून सगळ्याला ‘हो’ म्हणत नव्हती.)

आता आकडेमोड करा. इतके कॅथलिक असलेल्या देशात ६२ टक्के ‘हो’ कॅथलिकांच्या मतांशिवाय येऊच शकत नाही. ही माणसं आदल्या रात्री धर्म सोडून आली नव्हती. माजी राष्ट्राध्यक्षा मेरी मॅक्अलीस श्रद्धाळू कॅथलिक. निवृत्तीनंतर चर्चच्या कायद्याचा रीतसर अभ्यास करणाऱ्या. त्यांचा मुलगा समलिंगी आहे. त्या उघडपणे ‘हो’च्या बाजूनं उभ्या राहिल्या. अर्सुला हॅलिगन या राजकीय पत्रकार बाईंनी मतदानाच्या थोडं आधी, वयाच्या पन्नाशीनंतर, आपण समलिंगी असल्याचं वर्तमानपत्रात लिहिलं. आणि एक कॅथलिक म्हणून ‘हो’ हेच मत मला सर्वांत ख्रिस्ती वाटतं, असंही त्याच लेखात लिहिलं. सिस्टर स्टॅन या नावानं सगळ्यांना माहीत असलेल्या, बेघरांसाठी आयुष्य घातलेल्या जोगिणीनं आपण ‘हो’ला मत देणार असं जाहीर केलं. उलट, स्वतः समलिंगी असलेले काही जण ‘नाही’चा प्रचार करत टीव्हीवर दिसायचे. श्रद्धा एका बाजूला आणि समलिंगी दुसऱ्या बाजूला, अशी रांग कुठे लागलीच नाही.

‘चर्चवरचा राग मतपेटीतून निघाला’ असं इथले बरेच लोक सांगतात. मुलांच्या लैंगिक शोषणाचे आणि ते झाकल्याचे चौकशी अहवाल २००९ मध्ये आले होते, त्यानं बिशपांच्या शब्दाचं वजन घटलं हे खरंच. पण हे एवढंच कारण मला पटत नाही. रागानं माणूस चर्चमध्ये जायचा थांबतो. शेजारच्या घरातल्या मुलीच्या लग्नासाठी लंडनहून तिकीट काढून मत द्यायला येत नाही. परदेशी राहणाऱ्यांना इथे टपालानं मत देता येत नाही, म्हणून त्या आठवड्यात तरुण पोरं विमानांनी आणि बोटींनी खरोखरच घरी येत होती.

आणि हो, आपला वराडकर. मालवण तालुक्यातल्या वराडचे, मुंबईहून आलेले डॉक्टर अशोक वराडकर यांचा मुलगा लिओ, तेव्हाचा आरोग्यमंत्री. जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, रेडिओवरच्या मुलाखतीत त्यानं सांगितलं की मी समलिंगी आहे. याच माणसानं २०१० मध्ये संसदेत, प्रत्येक मुलाला आई आणि वडील मिळण्याचा हक्क आहे, असा मुद्दा मांडला होता. पुढे २०१७ मध्ये तो पंतप्रधान झाला तेव्हा आपल्याकडे ‘मराठी माणूस’ म्हणून पेढे वाटले गेले. त्यातल्या किती जणांना बाकीची बातमी पचली असती, हे मी विचारत नाही.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली ती प्रचाराची भाषा. रस्त्यातल्या प्रत्येक खांबावर फलक होते. ‘नाही’च्या फलकांवर बायबलमधलं वचन मला जवळपास दिसलंच नाही. त्यावर मुलं होती: मुलाला आई आणि वडील दोघं हवेत, आई नऊ महिन्यांपुरती नसते, सरोगसीचं काय होणार. ही माणसं मनापासून धार्मिक होती, त्यांची प्रेरणा धर्मातूनच आलेली होती, पण शेजाऱ्याला पटवायचं तर त्यालाही तपासता येईल असं कारण द्यावं लागतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ते कारण तपासलं गेलं. दत्तक आणि पालकत्वाचा कायदा संसदेनं त्याच वर्षी आधीच वेगळा केला होता. सार्वमत आयोगाच्या अध्यक्षपदी असलेल्या न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की या दुरुस्तीनं सरोगसीचा कायदा बदलत नाही. मुद्दा मांडला गेला, ऐकला गेला, त्याला उत्तर मिळालं, आणि मग मतं पडली. श्रद्धेला लोकशाहीत हीच जागा आहे, आणि ती काही लहान नाही. ‘माझ्या देवानं सांगितलं’ हे माझ्यासाठी पुरेसं कारण असतं. तो देव न मानणाऱ्यावर कायदा लागू करायला ते पुरत नाही.

‘लादणं’ हा तुमचा शब्द मला इथे खटकतो. घटनेत शिरलेलं वाक्य इतकंच आहे: कायद्यानुसार विवाह कोणत्याही दोन व्यक्तींना, लिंगावरून भेद न करता, करता येईल. त्यानंतरच्या कायद्यात साफ लिहिलं की कुठल्याही धर्मगुरूवर असा विवाह लावण्याची सक्ती नाही. इथे चर्चमध्ये लग्न लावणारा पाद्री सरकारी नोंदणीचं कामही त्याच वेळी उरकतो. ‘व्याख्या बदललीत तर आम्ही सरकारचं हे काम सोडून देऊ’ असा इशारा बिशपांनी आधी दिला होता. तो हक्क त्यांना होताच, आहे. त्यांनी ते सोडलं नाही. आजही कॅथलिक चर्चमध्ये फक्त स्त्री-पुरुषांचंच लग्न लागतं. कोणाच्या वेदीवर काय लादलं गेलं?

आता तुमचा दुसरा मुद्दा, सार्वमत. इतकं कौतुक केल्यावर तुम्हाला वाटेल मी लगेच ‘घ्या सार्वमत’ म्हणेन. नाही म्हणणार. आयर्लंडला ते घ्यावं लागलं कारण तिथे घटनेतला एक शब्दही लोकांच्या मताशिवाय बदलत नाही. त्याआधी एक घटना-संमेलन झालं होतं: शंभर माणसं, त्यातली ६६ चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडलेले साधे नागरिक, बाकी राजकारणी आणि एक अध्यक्ष. शनिवार-रविवार हॉटेलात बसून त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकलं, बिशपांचंही, आणि ७९ टक्क्यांनी शिफारस केली. ही सगळी तयारी वगळून नुसतं ‘हो की नाही’ विचारलं की काय होतं ते क्रोएशियात दिसलं. डिसेंबर २०१३ मध्ये तिथे विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच असं घटनेत घालायला ६५ टक्क्यांहून जास्त मतं पडली, पण मतदानाला आले होते जेमतेम ३८ टक्के. म्हणजे मतदारयादीतल्या साधारण चौघांतल्या एकानं इतरांच्या संसाराचा निकाल लावला.

आणि आयर्लंडमध्येही मला ते बघवत नव्हतं. ऑफिसातला माझा एक सहकारी संध्याकाळी काम संपवून अनोळखी लोकांच्या दारावरची बेल वाजवायचा: मला माझ्या जोडीदाराशी लग्न करू द्याल का? त्याच्या लग्नासाठी परवानगी द्यायला निघालेल्या त्या देशात माझ्या लग्नाचं कोणी कधी विचारलं नव्हतं.

शिवाय, बहुमत समलिंगी विवाहाच्या विरोधातच असतं हेही धरून चालू नका. डब्लिनहून दोन तास गाडी हाकली की बेलफास्ट, ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडची राजधानी. तिथल्या विधानसभेत २ नोव्हेंबर २०१५ ला याच प्रश्नावर ५३ विरुद्ध ५२ मतं पडली, ‘हो’ जिंकलं, आणि ठराव तरीही पडला. कारण १९९८ च्या शांतता करारानं एक कुलूप ठेवलं होतं: १०८ पैकी ३० आमदारांनी सह्या केल्या की साधं बहुमत पुरत नाही, दोन्ही समाजांचा पाठिंबा लागतो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांनी एकमेकांना चिरडू नये म्हणून केलेली ती सोय. मुख्यतः प्रोटेस्टंटांच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टीनं ती इथे लावली. हा पक्ष स्थापन करणारे इयन पेज्ली हे स्वतः धर्मगुरू, समलिंगी संबंधांना गुन्हाच राहू द्या म्हणून १९७७ मध्ये मोठी सह्यांची मोहीम चालवलेले. म्हणजे अल्पसंख्याकांच्या रक्षणाचं हत्यार अल्पसंख्याकांवरच. शेवटी विधानसभा ठप्प असताना २०१९ मध्ये लंडनच्या संसदेनं कायदा केला आणि जानेवारी २०२० पासून तिथेही विवाह कायदेशीर झाला. ‘लोकांनी ठरवलं’ की ‘वरून आलं’? बेलफास्टमध्ये याचं सरळ उत्तर मिळत नाही.

हा वाद आपल्याला तरी नवा कुठे आहे? १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून बारा केलं तेव्हा टिळकांचा आक्षेप होता की परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये. आगरकर दुसऱ्या बाजूला. टिळकांच्या आक्षेपातला ‘परकं सरकार’ हा भाग १९४७ ला संपला, राहिला ‘धर्म’. मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये हिंदूंना दुसरी बायको करायला बंदी केली, १९४७ मध्ये घटस्फोट दिला. हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, आणि १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला तो निवडून आलेल्या संसदेतून. त्या वेळी सार्वमत घेतलं असतं तर घटस्फोट मंजूर झाला असता असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. आज तो कायदा ‘लादलेला’ आहे असं म्हणणारा माणूस मला तरी क्वचित भेटतो, आणि म्हणतो तेव्हा तो बहुतेक पुरुष असतो.

भारतात राष्ट्रीय सार्वमताची तरतूदच नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करणं हे विधिमंडळाचं काम. विवाहापेक्षा कमी दर्जाची मान्यता तरी द्यावी की नाही यावर तीन विरुद्ध दोन असं ‘नाही’ झालं. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. केंद्र सरकार न्यायालयात म्हणालं होतं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे आणि याचा निर्णय संसदेनं घ्यावा. पहिलं मला मान्य नाही. दुसरं मान्य आहे.

तेव्हा तुमची मागणी लोकांच्या प्रतिनिधींनी ठरवावं अशी असेल तर आपलं जमतं. फक्त मग त्यांनी ठरवायला बसलं पाहिजे. १९५४ चा विशेष विवाह कायदा धर्माला हात न लावता दुरुस्त करता येतो. त्यात वराचं वय २१ आणि वधूचं १८ असं लिहिलेलं बदलायचं आणि पती-पत्नीचे उल्लेख सुधारायचे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये नेमकं असं खासगी विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं आणलेलं) लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकाचा कायदा झाल्याचं आपल्याकडचं शेवटचं उदाहरण १९७० चं आहे, त्यामुळे त्याचं पुढे काय झालं हे वेगळं सांगायला नको. त्यावर चर्चा झाली असती आणि ते पडलं असतं, तर तुमच्या बाजूला निदान म्हणता आलं असतं की लोकांनी नाकारलं. आज तेही म्हणता येत नाही.